विश्लेषण : ‘संशयित’ म्हणजे रुग्ण नव्हे! डॉक्टर घडवणाऱ्या शिक्षकांनाही आकडे का चकवतात?

वसई-विरार पट्ट्यात गृहसंकुलांत, चाळींत, कारखान्यांत आरोग्य तपासणी शिबिरे भरत असतात. शिबिरात छातीचा एक्स-रे निघतो आणि चार दिवसांनी निरोप येतो, ‘क्षयरोग संशयित, पुढील तपासणी करा.’ घरात रडारड होते आणि शेजारी कुजबूज सुरू होते. कामावरून काढतील, या भीतीने काही जण पुढच्या तपासणीला जातच नाहीत. ‘संशयित’ या शब्दाचा नेमका अर्थ आकड्यांत कोणी समजावून सांगितला, तर यातले बरेच टळू शकते. पण समजावणाऱ्यांना तो शिकवला कोणी?

१००० जणांची तपासणी केली तर काय होते?

केंद्र सरकारच्या २०१९-२१ मधील राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात १५ वर्षांवरील दर एक लाख लोकांत फुप्फुसाचा क्षयरोग असलेले ३१६ जण आढळले. म्हणजे १००० जणांमागे साधारण ३. हा देशाचा आकडा आहे. वसई-विरारचा कमी-अधिक असू शकतो. समजण्यासाठी तोच धरू.

आता कल्पना करा, नालासोपाऱ्यात १००० प्रौढांचे एक्स-रे काढले. एक्स-रेने तिन्ही रुग्ण पकडले, पण निरोगी लोकांपैकी १० टक्क्यांना चुकून ‘संशयित’ ठरवले, असे मानू. ९९७ निरोगींपैकी साधारण १०० जणांना खोटा इशारा मिळेल. एकूण संशयित १०३, खरे रुग्ण ३. म्हणजे संशयितांपैकी दर ३४ जणांत एकच रुग्ण.

मग शिबिर निरुपयोगी आहे का?

मुळीच नाही. १००० जणांची थुंकी तपासण्यापेक्षा १०३ जणांची तपासणे सोपे असते आणि त्यातूनच ते तिघे सापडतात. एक्स-रे ही चाळणी आहे, तर निदान थुंकीच्या तपासणीने होते. म्हणून ‘संशयित’ ऐकून खचायचे नाही आणि घरीही बसायचे नाही.

तोच एक्स-रे दवाखान्यात वेगळे काही सांगतो का?

हो, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेले १००० जण दवाखान्यात आले आणि त्यांत १५० रुग्ण आहेत, असे मानू. एक्स-रे १५० रुग्ण पकडेल आणि ८५० निरोगींपैकी ८५ जणांना खोटा इशारा देईल. आता २३५ संशयितांत १५० खरे रुग्ण, म्हणजे दर तिघांत जवळपास दोघे. यंत्र तेच आणि त्याची अचूकताही तीच, पण समोरच्या गटात मुळात आजार किती आहे, यावर निकालाचा अर्थ बदलतो.

डॉक्टरांना हे माहीत नसते का?

अनेकांना नसते, असे अभ्यास सांगतात. १९७८ मध्ये हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांतील ६० जणांना एक प्रश्न विचारला गेला. त्यांत २० विद्यार्थी, २० निवासी डॉक्टर आणि २० ज्येष्ठ डॉक्टर होते. आजार हजारात एकाला असतो आणि चाचणी ५ टक्के निरोगींना चुकून आजारी ठरवते. मग चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या व्यक्तीला आजार असण्याची शक्यता किती? सर्वाधिक जणांनी उत्तर दिले ९५ टक्के. बरोबर उत्तर आहे सुमारे २ टक्के. ते फक्त ११ जणांना आले.

शिक्षकांचे काय? जर्मनीतील २०१८ च्या एका अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थ्यांना आकडेवारीच्या निम्म्याच प्रश्नांची उत्तरे देता आली. अनुभवी वैद्यकीय शिक्षक तीन चतुर्थांशापर्यंत पोहोचले. म्हणजे शिकवणाऱ्यांचेही दर चार प्रश्नांत एक उत्तर चुकत होते. दिलासा असा, की अवघ्या ९० मिनिटांच्या प्रशिक्षणानंतर विद्यार्थ्यांचे गुण ९० टक्क्यांवर गेले. प्रश्न बुद्धीचा नसून शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. टक्क्यांऐवजी ‘हजारांपैकी किती’ असे मांडले की तेच गणित चटकन कळते.

चुकीच्या मांडणीने खरेच नुकसान होते का?

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९५ मध्ये एका प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका ‘दुप्पट’ होतो, असा इशारा दिला गेला. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षभरात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार जादा गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. प्रत्यक्षात धोका ७००० पैकी एका स्त्रीवरून दोघींवर गेला होता. ‘दुप्पट’ हे खोटे नव्हते, पण ते अर्धवट होते.

भारतात शिक्षकांसाठी काही नियम आहे का?

आहे. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०२० मध्ये सहयोगी प्राध्यापकपदासाठी जैववैद्यकीय संशोधनाचा पायाभूत अभ्यासक्रम सक्तीचा केला. आयसीएमआरच्या चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने तो ऑनलाइन तयार केला आहे. त्यात संख्याशास्त्राची मूलतत्त्वे आहेत. पण हा नियम आधुनिक वैद्यकाच्या शिक्षकांपुरता आहे. बीएस्सी नर्सिंगमध्येही संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय आहे. मात्र विषय परीक्षेत असणे आणि रुग्णाशी बोलताना कामी येणे, यात फरक आहे. सूत्र पाठ करून गुण मिळतात. ‘१०३ पैकी ३’ हे समजावता येईलच असे नाही.

वसई-विरारला याचे महत्त्व का?

वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय असो वा नालासोपाऱ्याचे तुळिंज रुग्णालय, निकाल समजावण्याचे काम डॉक्टरांइतकेच परिचारिका आणि आशा सेविकांवरही येते. शिक्षकाची चूक डॉक्टरकडे, तिथून परिचारिकेकडे आणि शेवटी रुग्णाच्या घरात पोहोचते.

दुसरी अडचण लोकसंख्येची. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. त्यानंतर जनगणना झालेली नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. समजा, वर्षात एखाद्या आजाराचे २४०० रुग्ण नोंदले गेले. १२ लाखांनी भागले तर दर लाखी २००. लोकसंख्या २४ लाख धरली तर १००. रुग्ण तेवढेच, पण दर निम्मा. ‘आमच्या शहरात आजार वाढला’ अशी पोस्ट फिरते तेव्हा भाजक कोणता, हे विचारायलाच हवे.

सामान्य वाचकाने काय विचारावे?

तीन प्रश्न पुरेत. कितींपैकी किती? धोका वाढला किंवा घटला, तर आधी किती होता? आणि निरोगी लोकांपैकी कितींचा निकाल चुकून पॉझिटिव्ह येतो? हे डॉक्टरांना विचारणे उद्धटपणा नाही. हेच प्रश्न वर्गात शिक्षकांनी आधी स्वतःला विचारले, तर ‘संशयित’ हा शब्द ऐकणाऱ्याला पुढच्या तपासणीला जाण्याचे बळ मिळेल.