पाटी परक्यासाठी, बंदी गावकऱ्यासाठी

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. त्याचे गुणदोष आज आम्ही सांगत बसत नाही. आमचे म्हणणे त्याच्या फाट्यापासून पुढे सुरू होते. जालन्याजवळ महामार्ग सोडून मोटार भोकरदन, अंबड वा मंठा यांपैकी कोणत्याही दिशेस वळली, की ताशी १२० किलोमीटरांची चटक लागलेल्या चालकापुढे जो रस्ता येतो तो काळ्या मातीतून गेलेला, कडा खचलेला आणि वळण आले तरी तोंड न उघडणारा असतो.

१८ जुलै २०२४ रोजी पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप जालना-राजूर रस्त्यावर तुपेवाडीनजीक विहिरीत कोसळून सात जीव गेले. अशा प्रसंगी चालकाची चूक किती आणि दैवाची करणी किती, याची वाटणी आपण झटपट करून टाकतो. परंतु रस्त्यालगत विहीर असणे ही दैवाची करणी नव्हे. ती तेथे वर्षानुवर्षे असते आणि गावातल्या पोरासोरांसही ठाऊक असते. पावसात, समोरून अवचित वाहन आले असता, जाणत्यालाही तिचा विसर पडतो. परगावच्याची तर गोष्टच नको. धोक्याचा त्रिकोणी फलक, कठडा आणि डांबराच्या कडेचा पांढरा पट्टा ही सारी योजना अशा क्षणासाठीच असते.

पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ साली सुरू झाली. त्यांनी वाड्यावस्त्यांना डांबर दिले, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. मात्र डांबराबरोबर वेग आला, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पूर्वी खड्डा हाच गतिरोधक होता! योजनेचे, ठेकेदाराचे आणि खर्चाच्या रकमेचे नाव मिरविणारा भला मोठा फलक रस्त्याच्या तोंडाशी दिमाखाने उभा असतो. पुढच्या आंधळ्या वळणाचा इशारा देणारा हातभर पत्रा मात्र कित्येक ठिकाणी शोधूनही सापडत नाही, आणि सापडला तर त्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटविलेल्या असतात.

दुसरा प्रश्न उभ्या वाहनांचा. अंबड आणि घनसावंगी हा जिल्ह्याचा उसाचा पट्टा. गाळपाचा हंगाम सुरू झाला, की एका ट्रॅक्टरामागे दोन ट्रॉल्या अशी रांग रात्रभर चालते. बाहेर आलेल्या उसाने मागचा दिवा, असलाच तर, झाकून जातो. चाक निखळले की ट्रॉली आहे तेथेच थांबते. चाकाखाली धोंडे लागतात आणि मागे कडुलिंबाची एक डहाळी टाकली जाते. ट्रॉली हलल्यावर धोंडे तेथेच राहतात. अंधारात उभे वाहन किती घातक, हे १५ ऑक्टोबर २०२३ रोजी वैजापूरनजीक दिसले. समृद्धीसारख्या रुंद मार्गावर उभ्या मालमोटारीवर आदळून १२ जण दगावले. तेथे हे घडते, तर दोन मोटारी जेमतेम एकमेकींना ओलांडतील अशा जिल्हामार्गाचे काय होणार?

यावर शहरवासीयांचा ठरलेला उपाय म्हणजे बंदी. ‘वाहने उभी करू नयेत’ असा फलक लावा, दंड करा आणि मोकळे व्हा! आम्हांस हा उपाय अर्धा वाटतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम १२२ धोकादायक रीतीने वाहन उभे करण्यास मनाई करते हे खरे. पण त्याच कायद्याचे कलम ११७ वाहने कोठे थांबावीत त्या जागा ठरविण्याचा अधिकार शासनास देते. शहरांत हा अधिकार थोडाफार वापरला जातो. फाट्यावर, आठवडी बाजारापाशी, कारखान्याच्या वाटेवर, अंगारकीच्या दिवशी राजूरच्या गणपतीकडे लोटणाऱ्या गर्दीसाठी तो किती वेळा वापरला गेला? मोसंबीची गाडी भरताना शेतकऱ्याने ती रस्त्यावर नाही तर कोठे उभी करावी, याचे उत्तर दिल्यावाचून त्यास दंड करणे हा न्याय नव्हे.

शिवाय हे उत्तर द्यावयाचे कोणी? राज्यमार्ग व प्रमुख जिल्हामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हामार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, दंडाचे पुस्तक पोलिसांकडे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ सदोष बांधणी व देखभालीबद्दल रस्त्याच्या यंत्रणेस आणि ठेकेदारासही एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. चालकाची पावती जितक्या तत्परतेने फाडली जाते, तितक्या तत्परतेने हे कलम वापरले गेले पाहिजे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती आहेच. तिने पुढील गाळपाच्या हंगामापूर्वी रस्त्यालगतच्या विहिरी व आंधळी वळणे यांची गावनिहाय यादी करून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. कठडे आणि इशाऱ्याचे फलक आधी उभे राहोत. वडीगोद्री, शहागड यांसारख्या वर्दळीच्या ठिकाणी ट्रॉल्यांसाठी डांबराबाहेर मुरमाचे थांबे होवोत. कारखान्यांनी मागे परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घेऊ नये. बंदीचे फलक त्यानंतर लावावेत.