पिवळा दिवा लागला, म्हणून सेन्सर बदलू नका

जबलपूरच्या राइट टाउनमधील एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. रविवारी भेडाघाटला जायचा बेत आहे. डबे भरून झाले, आजी मागच्या सीटवर बसल्या; पण गाडी सुरू केली तरी डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा विझत नाही. गाडी मात्र नेहमीसारखी चालते. आता निघावे की थांबावे? आणि मिस्त्री ‘सेन्सर गेला’ म्हणाला, तर लगेच पैसे मोजावेत काय?

आधी दिवा नीट पहावा. तो स्थिर असेल, गाडी धक्के देत नसेल आणि तापमान किंवा ऑइलचा लाल दिवा लागलेला नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही. गाडी सावकाश चालवून एक-दोन दिवसांत गॅरेजमध्ये दाखवावी. दिवा लुकलुकत असेल तर मात्र सहल रद्द करावी. अशा वेळी न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटते आणि तो अतिशय तापून निकामी होऊ शकतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असल्याने तो बदलण्याचा खर्च मोठा असतो.

हा दिवा लागण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे हवा व पेट्रोल यांचे बिघडलेले मिश्रण. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पूर्वी हे प्रमाण मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरने कार्ब्युरेटरवर जुळवीत. जबलपूरच्याच वाहन कारखान्यात तयार होणारी लष्कराची पेट्रोलवरची ‘जोंगा’ याच पद्धतीची होती. आता हे काम गाडीतील कॉम्प्युटर करतो. धुरातील ऑक्सिजन मोजून तो पेट्रोल क्षणाक्षणाला कमी-जास्त करतो. ही दुरुस्ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की तो दिवा लावतो आणि बिघाडाचा क्रमांक नोंदवून ठेवतो. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा नियमांमुळे ही स्वयंतपासणी प्रत्येक नव्या मोटारीत असते.

मिश्रणाच्या बाबतीत दोन क्रमांक वारंवार भेटतात. ‘पी ०१७१’ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. ‘पी ०१७२’ म्हणजे पेट्रोल जास्त. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की हा क्रमांक म्हणजे तापाचा आकडा आहे, रोगाचे नाव नव्हे. ऑक्सिजन सेन्सरने तक्रार सांगितली, म्हणून तोच दोषी ठरत नाही. पुष्कळदा तो खरेच सांगत असतो आणि बिचारा त्याचाच बळी जातो!

हवा जास्त होण्याची कारणे अनेक आहेत. हवेची रबरी नळी तडकणे, अंगणात उभ्या गाडीत उंदरांनी ती कुरतडणे, हवा मोजणारा सेन्सर मळणे, पेट्रोलचा फिल्टर तुंबणे किंवा पंप कमजोर होणे. पेट्रोल जास्त जात असेल तर इंजेक्टर ठिबकत असेल, पेट्रोलचा दाब वाढलेला असेल, किंवा तापमानाचा सेन्सर गरम इंजिनाला थंड समजत असेल. अशा वेळी पेट्रोलचा वास, काळा धूर आणि घसरलेले अ‍ॅव्हरेज ही लक्षणे दिसतात.

इंधनातील बदलही ध्यानात घ्यावा. २०२५ पर्यंत देशात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र मिळू लागले. या पेट्रोलला किलोमागे सुमारे १३.५ किलो हवाच पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. निरोगी गाडीचा कॉम्प्युटर बहुधा हे सांभाळून घेतो. पण जुन्या गाडीचा फिल्टर आधीच तुंबत आलेला असेल, तर एवढ्यानेही दिवा लागू शकतो.

मग गॅरेजमध्ये काय सांगावे? “भाऊ, आधी स्कॅनर लावून क्रमांक लिहून द्या, मगच काय बदलायचे ते ठरवू.” सोबत ‘फ्युएल ट्रिम’चा आकडा विचारावा. कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतो वा घटवतो, ते त्यावरून कळते. साधारण दहा टक्क्यांच्या आत असले तर ठीक. बऱ्याच गाड्यांत हा आकडा उभ्या गाडीत मोठा आणि रेस वाढवल्यावर कमी होत असेल, तर आधी नळ्यांतील गळती शोधतात. उलट चढावर किंवा भरल्या गाडीत तो वाढत असेल, तर फिल्टर, पंप आणि हवेचा सेन्सर तपासतात. नळी बदलणे स्वस्त, सेन्सर महाग. म्हणून क्रम महत्त्वाचा.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. दिवा विझतो, पण नोंदही पुसली जाते आणि बिघाड तसाच राहतो. त्यापेक्षा दिवा कधी लागला, शेवटचे पेट्रोल कधी भरले आणि अ‍ॅव्हरेज किती घसरले, हे गाडीतल्या वहीत टिपून ठेवावे. डॉक्टरला रुग्णाचा इतिहास लागतो, तसा मिस्त्रीला गाडीचा. आणि दुरुस्तीनंतर जुना भाग व नोंदलेला क्रमांक मागून घेण्यात संकोच कसला? पैसे आपलेच असतात.