थांबायला जागा

यंत्र या विषयात तुमची पात्रता काय, असे कोणी विचारले तर मी प्रांजळपणे सांगेन की, वडिलांची स्कूटर सुरू होईना म्हणजे ती एका अंगाला कलती करून धरणे, एवढेच माझे आजवरचे यंत्रविषयक कार्य. पुढच्या किका वडीलच मारीत. महाविद्यालयात मी मराठी शिकवितो. वृत्ते, अलंकार आणि शब्दशक्ती यांच्यापलीकडल्या कोणत्याही शक्तीशी माझा संबंध नाही. अशा माणसाला कॅलिफोर्नियातल्या एका मोटारीच्या खटल्यात न्यायाधीश म्हणून बोलावण्यात यावे, हा निव्वळ माझ्या ताईचा कारभार.

ताई गेली पंचवीस वर्षे लॉस एंजलिसच्या दक्षिणेस, अनाहाइमला राहते. २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत मी तिच्याकडे जायचे ठरविले, तेव्हा मेतकूट, भाजणी, गोडा मसाला अशी तिची यादी आली आणि यादीच्या तळाशी एक ओळ होती: ‘तुझ्या भाच्याला समजवायचे आहे. आल्यावर बोलू.’

भाचा तेवीस वर्षांचा. तेव्हा विषय मुलीचा असणार, असे मी विमानातच ठरवून टाकले आणि उदारमतवादी मामाला शोभेल असे एक भाषणही तयार केले. ते फुकट गेले.

“मुलगी परवडली असती रे!” ताई म्हणाली. “मुलगी निदान दिवाणखान्यात बसते. ही बया गॅरेजमध्ये बसली आहे आणि आमच्या दोन धडधाकट गाड्या उन्हात उभ्या आहेत.”

गॅरेजमध्ये जी बया बसली होती, ती म्हणजे १९६७ सालची फोक्सवॅगन बीटल. पाठीला कुबड असलेली, भुंग्यासारखी ती गाडी आपण सर्वांनी निदान चित्रपटात तरी पाहिली आहे. १९३८ पासून २००३ पर्यंत या एकाच आकृतीच्या दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या बनल्या. शेवटची बाहेर पडली ती मेक्सिकोतील पुएब्लाच्या कारखान्यातून. गरिबाघरची, काटकसरीची, कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली गाडी. आणि माझा भाचा तिला शर्यतीला उतरवीत होता! तीही सरळ रेषेतली, जागच्या जागेवरून सुटून पाव मैल कोण आधी गाठतो अशी. ड्रॅग रेस म्हणतात ती हीच.

ताईची भीती वेगळीच होती. तिकडे पोरे मध्यरात्रीनंतर गोदामांच्या वस्तीतल्या मोकळ्या रस्त्यावर अशा शर्यती लावतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने तो गुन्हा आहे. पहिल्याच खेपेला चोवीस तासांपासून नव्वद दिवसांपर्यंत तुरुंग होऊ शकतो, गाडी तीस दिवस अडकवून ठेवता येते. “आणि तुरुंग म्हणजे त्यातले बरे झाले म्हणायचे,” असे ताई म्हणाली आणि फोडणीकडे वळली.

समजावण्यापूर्वी समजून घ्यावे, म्हणून मी रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन गॅरेजात जाऊन बसू लागलो. पहिल्या दिवशी मी विचारले, “पाणी कुठे घालतोस रे हिला?” भाचा हसला. “पाणी नाहीच, मामा. हिचे इंजिन मागे असते आणि ते हवेने थंड होते. तुमच्या स्कूटरसारखे.” त्याने दाखविले. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे झोपलेले. प्रत्येकाभोवती कंगव्याच्या दातांसारखी पातळ पाती. आणि वर एक पंखा, जो पट्ट्याच्या जोरावर फिरून त्या पात्यांवर वारा घालतो. समोरच्या तबकडीतला एक लाल दिवा दाखवून तो म्हणाला, “चालता चालता हा लागला तर कदाचित पट्टा तुटला असेल. म्हणजे पंखा बंद. मग घर दहा पावलांवर असले तरी थांबायचे.”

त्या इंजिनाची मूळ मापे अशी: सुमारे १५०० घनसेंटिमीटर आणि ५३ अश्वशक्ती. भाच्याने ते पुरते सोलून काढले होते. नवा क्रँक, त्याने पिस्टनची धाव ६९ मिलिमीटरवरून ८२ वर गेली. नवे सिलिंडर, ९४ मिलिमीटर व्यासाचे. गुणाकार केला की होतात २२७६ घनसेंटिमीटर. वर दोन वेबर कार्ब्युरेटर, ४८ आयडीए जातीचे, प्रत्येकाला दोन-दोन नळ्या. म्हणजे चारही सिलिंडरांना आपापली स्वतंत्र नळी. शक्ती झाली पावणेदोनशेच्या घरात, आणि गाडीचे वजन मात्र जेमतेम आठशे किलो. शिवाय इंजिनाचे ओझे नेमके मागच्या, ओढणाऱ्या चाकांवर. त्यामुळे सुटताना चाके नुसती गरगरत नाहीत, जमीन पकडतात. मोठमोठ्या इंजिनांच्या अमेरिकन गाड्यांना हा भुंगा झोंबतो तो यामुळे.

पण वाढवलेल्या प्रत्येक घोड्याबरोबर उष्णताही वाढते, आणि ती वाहून न्यायला पाणी नाही. म्हणून तेलाचे खोल भांडे, वेगळा तेलशीतक, मूळ इंजिनात नसलेला तेलाचा फिल्टर. जुन्या रचनेत तेलशीतक तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा असे, त्यामुळे त्या बिचाऱ्याला वारा कमी मिळे आणि बहुधा तोच आधी जळे. मी स्वतः तिसरे भावंड असल्यामुळे हे मला चटकन समजले.

एके दिवशी त्याने माझ्या हातात रबराची नळी दिली आणि तिचे एक टोक कानाला लावायला सांगितले. कार्ब्युरेटरच्या चारही तोंडांतून आत जाणाऱ्या हवेचा आवाज सारखा यायला हवा. तसे मोजायचे यंत्र त्याच्यापाशी होते. पण जुनी माणसे असे कानाने लावीत, म्हणाला. मी एकेका तोंडाशी नळी धरली. “दुसरे खाली आहे,” मी म्हणालो. त्याने स्क्रू किंचित फिरविला. “आता चढले. थोडे उतरव.” अर्धा तास आम्ही मामा-भाचे तानपुरा लावावा तसे इंजिन लावीत होतो. शेवटी चारी फुसकारे एकात एक मिसळले, गाडीचा थरथराट थांबला, आणि ती अशी संथ गुरगुरू लागली की मी ज्या कामासाठी बोलावला गेलो होतो, त्याचा मला काही वेळ विसरच पडला. स्वयंपाकघरातून ताईने पाहिले. न्यायाधीश फितूर झाला, हे तिच्या लक्षात आले असावे.

या सगळ्यात भाच्याचा गुरू म्हणजे शेजारचे एक मेक्सिकन आजोबा. त्यांच्या देशात या गाडीला लाडाने ‘वोचो’ म्हणतात. आजोबांची अट एकच होती. इंजिनाला हात लावण्याआधी पुढच्या चाकांना नवे डिस्क ब्रेक. भाचा सांगे की, त्या पैशांत एक कार्ब्युरेटर आला असता, म्हणून तो महिनाभर रुसला होता. आजोबा ढळले नाहीत.

या खेळाचा इतिहासही मी त्या गॅरेजातच ऐकला. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण पोरे रस्त्यारस्त्यांवर शर्यती लावीत. तेव्हा त्यांच्यातल्याच काही जाणत्यांनी वाट काढली. १९ जून १९५० रोजी सांता आना येथील विमानतळाच्या एका धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या. ती जागा ताईच्या घरापासून फार दूर नाही. मी उतरलो तो विमानतळ तोच. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना उभी केली. रस्त्यावरची शर्यत नियमांच्या चौकटीत आणायची, हा तिचा हेतू. साठीच्या दशकात रिव्हरसाइडच्या एम्पी कंपनीच्या ‘इंच पिंचर’ या बीटलने अशा पट्ट्यांवर भल्याभल्यांना चकविले, आणि मग ऑरेंज परगण्यातल्या पोरांनी रोज कामाला न्यायची बीटलच शर्यतीजोगी करण्याचा छंद लावून घेतला. माझा भाचा त्या घराण्यातला.

एका संध्याकाळी तो मला इर्विन्डेलच्या पट्टीवर घेऊन गेला. ही पट्टी अष्टमांश मैलाची, म्हणजे सुमारे २०० मीटरची. गाड्यांच्या पुढे एक दिव्यांचा खांब. तीन पिवळे, मग हिरवा. आणि हिरव्याच्या आधी सुटलात तर लाल. पण मला गंमत वाटली ती पुढच्याच नियमाची. आपली गाडी किती सेकंदांत जाईल, तो आकडा प्रत्येकाने आधीच काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने लिहायचा. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढे आधी हळू गाडीला सोडायचे. आणि लिहिलेल्यापेक्षा कमी वेळात पोहोचलात, तर हरलात!

भाच्याने लिहिले ८.४०. शेजारी एक अवाढव्य गाडी, तिच्यावर ७.१०. बीटल १.३० सेकंद आधी सुटली, नाक उचलून, लहान मूल शाळा सुटल्यावर पळते तशी. ती पहिली पोहोचली. मी उभा राहून टाळ्या वाजविल्या. मग फलकावर आकडा आला, ८.३७. तीन शतांश सेकंदांनी शब्द मोडला म्हणून भाचा हरला. आयुष्यात मी प्रथमच अशी स्पर्धा पाहिली, जिच्यात बढाई आणि विनय हे दोन्ही दोष सारखेच शिक्षापात्र आहेत.

परतताना ६०५ क्रमांकाच्या हमरस्त्यावर, त्या आवाजात, त्याने मला एक गोष्ट सांगितली. आवाज होता म्हणूनच सांगितली असावी.

“मामा, मी एकदा रस्त्यावर लावली होती. मार्चमध्ये.”

रात्रीचा दीड, गोदामांची वस्ती, सरळ रस्ता. तो पुढे होता. पाव मैल संपत आला आणि एका फाटकातून ट्रक बाहेर आला. “त्याची काही चूक नव्हती. तो रोजच्यासारखा कामाला निघाला होता. मी ब्रेकवर उभा राहिलो.” त्याने स्टीअरिंगवरचा एक हात काढून दोन बोटांतले अंतर दाखविले. “एवढे राहिले. जुने ब्रेक असते तर...”

मग म्हणाला, “आईला सांगू नकोस.”

वाचकहो, मामाची जागा किती अवघड असते, हे मला त्या क्षणी कळले. मी म्हणालो, “मी नाही सांगणार. तूच सांगशील.” घर येईपर्यंत कोणीच काही बोलले नाही.

त्याने सांगितले, आठ दिवसांनी. ताई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने एवढेच विचारले, “ते ब्रेक कोणी घालायला लावले?” आणि संध्याकाळी शेजारच्या आजोबांकडे डबाभर चकल्या गेल्या. मी आणलेल्या भाजणीच्या.

माझा निकाल मी निघताना दिला. गाडी राहावी, रस्त्यावर शर्यत नाही, पट्टीवर हवी तेवढी. सर्वांनी तो मान्य केला आणि मी मोठ्या समाधानाने परत आलो. पण डिसेंबर २०२४ मध्ये इर्विन्डेलची पट्टी कायमची बंद झाली. ताईचा फोन आला, “आता रे?” मला उत्तर सुचेना. मुलाला ‘तिथे जाऊ नकोस’ म्हणणे सोपे असते, कारण ‘इथे जा’ म्हणायला जागा आहे, असे आपण गृहीत धरलेले असते. त्याच्या मित्रांतले दोघे पुन्हा गोदामांकडे जाऊ लागले होते. त्यालाही बोलावणी येत होती.

२०२५ च्या वसंतात एका रविवारी भ्रमणध्वनीवर एक छायाचित्र आले. बेकर्सफील्डजवळच्या फॅमोसो या पट्टीवरचे. घरापासून सुमारे २४० किलोमीटर, मध्ये १२०० मीटरहून उंच घाट. पाणी घातलेल्या चांगल्या चांगल्या गाड्याही तिथे वाफा सोडतात. भाचा आपली बीटल चालवीत तो चढून गेला होता, आणि शेजारच्या आसनावर, टोपी आणि काळा चष्मा घालून, मांडीवर पोळीभाजीचा डबा घेऊन ताई!

रात्री तिचा फोन आला. कोण जिंकले, किती सेकंद, यांतले तिने काहीच सांगितले नाही. म्हणाली, “अरे, मी इतके दिवस धावायची जागाच मनात धरून बसले होते. तिथे पाहिले, तर शर्यत संपते त्याच्या पुढे तेवढाच, त्याहूनही लांब रस्ता नुसता मोकळा ठेवतात. कोणी फिरकत नाही. थांबण्यासाठी!”

आपल्या शहरांतही मध्यरात्री फटफट्यांचे आवाज येतात. आपण कूस बदलतो, पोरांना आणि पोलिसांना दोष देतो आणि झोपतो. लोणावळ्याच्या बाजूला ॲम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा रीतसर शर्यती झाल्या आहेत, असे भाच्यानेच मला सांगितले. मला, इथे राहणाऱ्याला! वर्गात शेवटच्या बाकावर हेल्मेट ठेवून बसणारी चारपाच मुले माझ्याकडे दर वर्षी असतात. पूर्वी मी त्यांना हळू चालवा म्हणून सांगत असे. हल्ली आधी विचारतो, “ब्रेक कसे आहेत रे?”

मुले चमकून पाहतात. सरांना यंत्रातले कळते, असा त्यांचा समज झाला आहे. मी तो दूर करीत नाही.