एकदाच मोजलेल्या उंचीवर नोटीस कशी काढता?

मा. जिल्हा कार्यक्रम अधिकारी, महिला व बालविकास, यांस

मुलांची उंची ‘घटली’ म्हणून अंगणवाडी सेविकांना पुन्हा कारणे दाखवा नोटिसा गेल्या. आमच्या आधीच्या निवेदनांवर पोचेचे शिक्के आहेत, उत्तर एकाचेही नाही. म्हणून हे पत्र जाहीर.

मुलाची उंची घटत नाही, हे सेविकेलाही कळते. घटतो तो आकडा. दोन वर्षांपर्यंत मुलाला आडवे ठेवून लांबी घेतात, पुढे उभे करून उंची. जागतिक आरोग्य संघटनेने या दोन पद्धतींत ०.७ सेंमीचा फरक धरला आहे. त्याच मानकांनुसार मुलगा दोन ते तीन वर्षांच्या वयात ८७.१ वरून ९६.१ सेंमीवर जातो, म्हणजे महिन्याला पाऊण सेंमी. आता रडणाऱ्या, टाचा उचलणाऱ्या पोराच्या एका मोजणीत अर्ध्या सेंमीची चूक धरा. दोन महिन्यांच्या आकड्यांची वजाबाकी केली की दोन्हींकडची चूक त्यात उतरते आणि ती सुमारे ०.७ सेंमी होते. वाढ ०.७५, चूक ०.७! यावरून कोणते मूल खुरटले हे तुम्ही ठरवता? वजन तर महिन्याला जेमतेम १७५ ग्रॅम वाढते, आणि टांगत्या काट्याची एक रेघच १०० ग्रॅमची.

ही मानके ज्या अभ्यासातून आली, त्यात (१९९७ ते २००३, सहा देश, आपली दिल्लीही) दोन प्रशिक्षित माणसे प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे मोजत. लांबीत ७ मिमीहून किंवा वजनात १०० ग्रॅमहून जास्त तफावत आली की पुन्हा मोजत. इथे सेविका एकटी, मोजणी एकदाच.

बैठकीत सांगता की पर्यवेक्षिकेचे आणि सेविकेचे आकडे जुळतात, सहसंबंध ०.९९ आहे. ६५ सेंमीच्या तान्ह्यापासून ११० सेंमीच्या मुलापर्यंत सगळी एकत्र घेतल्यावर तो तेवढा येणारच. ४५ सेंमीच्या पसाऱ्यात एका सेंमीची चूक बुडून जाते. सहसंबंध म्हणजे एकवाक्यता नव्हे, हे ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले आहे.

नोटिशीच्या धाकाने आता काय चालते तेही ऐका. मागच्या महिन्याचा आकडा पाहून त्यात अर्धा सेंमी मिळवायचा आणि भरायचा. तक्ता सुरळीत दिसतो. ज्या मुलाची वाढ खरोखर थांबली आहे, तेही त्यात वाढत राहते आणि कुणाच्या नजरेस पडत नाही. याची जबाबदारी सेविकेवर ढकलू नका, ती तुमची आहे.

प्रत्येक बीटमध्ये दर महिन्याला चिठ्ठी टाकून काही मुले निवडा. त्याच दिवशी दुसऱ्या व्यक्तीकडून, पहिला आकडा न दाखवता, त्यांची मोजणी करून घ्या. निघालेली चूक सेंमीत आणि ग्रॅममध्ये, वयोगटानुसार, जाहीर करा. आणि तोवर एकाच मोजणीवर काढलेल्या सगळ्या नोटिसा लेखी मागे घ्या.

एक निवृत्त पर्यवेक्षिका