अमोल मायेचा हिशेब

‘आईच्या मायेला मोल नसते’ हे वाक्य आपल्याकडे फार जपले जाते. मला मात्र त्याचा संशय येतो. ज्याला मोलच नाही त्याचे पैसे कोणी मागू नयेत, अशी छान सोय त्या वाक्यात आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास नांदेड जिल्ह्यातल्या कंधार, लोहा, मुखेडकडून आणि लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर, जळकोटकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते. या हिशेबात मूल कुठेच नसते. पण ते असते! गावी म्हाताऱ्या आजीजवळ, नाही तर फडाशेजारी पाचटाच्या कोपीत. तिथे त्याला सांभाळते कोण? त्याची आठ-नऊ वर्षांची बहीण. म्हणजे पाळणाघर आहेच. त्याचा खर्च पोरीच्या शाळेतून आणि आजीच्या हाडांतून वसूल होतो, इतकेच.

पुण्यामुंबईत आपण पाळणाघराला दरमहा पैसे मोजतो. त्यात कोणाला मायेचा अपमान वाटत नाही. मग फडावरच तो का वाटावा?

कोणी म्हणेल, ‘ऐपत नाही तर मुले कशाला होऊ द्यावीत?’ अहो, जिच्या श्रमाने तुमच्या करंजीतले सारण गोड झाले, तिची ऐपत तिला मिळणाऱ्या दरानेच ठरते ना?

कोणी म्हणेल, ‘सरकारने केले आहे की!’ केले आहे, मी नाकारीत नाही. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. पण अंगावर पिणारे मूल वसतिगृहात कसे राहील? प्रसूतिलाभाच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन ५० वा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झाले. परंतु फडावरच्या बाईचा मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाड्या सुरू झाल्या. पण अंगणवाडी गावात राहते आणि मूल जाते फडावर.

आणि ‘अंगणवाडी’चा मूळ विचार तरी काय होता? १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांनी काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे. ते गुरांमागे गेले तर कुरणात जावे. कुरणापर्यंत गेलेली शाळा उसाच्या फडापर्यंत का जाऊ नये?

माझे मागणे साधे आहे. टोळीतल्याच एका बाईच्या हातचा कोयता काढून तिच्याकडे मुले सोपवावीत, आणि तिची पुरी मजुरी कारखान्याने तोडणीच्या खर्चात धरावी. साखर थोडी महागेल? महागू द्या. आज ती स्वस्त आहे, कारण तिच्या किमतीतला एक आकडा नऊ वर्षांची पोर भरते आहे.