रडले नाही, म्हणजे दुखले नाही?

केसपेपरवर ताप आणि नाडी यांना रकाना असतो. वेदनेला बहुधा नसतो. असलाच, तर परिचारिका सहा चेहऱ्यांची पट्टी पुढे धरते. अमेरिकेत १९८०च्या दशकात वाँग आणि बेकर यांनी केलेल्या या पट्टीत पहिला चेहरा हसरा, तर शेवटचा अश्रू ढाळणारा आहे. ‘शहाणी मुले रडत नाहीत’ हे ज्या घरी शिकवले जाते, तेथील मूल हात मोडला तरी मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवते. आपण ‘मध्यम’ लिहून मोकळे होतो. हे मापन वेदनेचे की संस्कारांचे?

ऑस्ट्रेलियात १९९० साली तयार होऊन २००१ साली सुधारलेल्या पट्टीत हसू नाही, अश्रूही नाहीत. तीच का वापरू नये?

भाषेचेही तेच. परप्रांतातील मराठी मुलाचे ठणकणे, चुरचुरणे, कळ येणे हे सारे एका ‘दर्द’मध्ये विरून जाते. त्याच्या आईला कोणी विचारत नाही.

‘एवढा वेळ कोणाला आहे?’ हा आक्षेप मला मान्य नाही. पट्टी दाखवण्यास एक मिनिट पुरते. मॉर्फीनची उपलब्धता सुलभ व्हावी म्हणून संसदेने २०१४ साली अमली पदार्थ कायदा सुधारला. पण वेदनेची नोंदच नसेल, तर औषध कशाच्या आधारे मागणार?

जे नोंदले जात नाही, ते प्रशासनाच्या लेखी घडतच नाही. मुलांच्या मौनाची ही सोय आता पुरे.