सुनेला खाटेला खिळवू नका, आधी लेकाची तपासणी करा!
नांदेड-लातूर जिल्ह्यांतल्या सर्व कुटुंबांना बचत गटांच्या महिलांचं जाहीर आवाहन



मुखेड तालुक्यातल्या एका सुनेचा आयव्हीएफचा पहिला प्रयत्न फसला. घरच्यांनी लगेच निकाल दिला, "गर्भ पिशवीत सोडल्यावर ही गटाच्या बैठकीला चालत गेली, म्हणून टिकला नाही." कर्ज दोघांच्या नावावर आणि दोष एकटीच्या पायांवर! हे ऐकून आम्हाला गप्प बसवेना.

स्पष्ट सांगतो. गर्भ सोडल्यावर खाटेवर पडून राहिल्याने यश वाढत नाही. याच्या रीतसर चाचण्या झाल्या आहेत, आणि अमेरिकेतल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्येच अशी सक्तीची विश्रांती नको असं सांगितलं आहे. चालल्याने गर्भ पडत नाही. स्वयंपाक, शिलाई, शाळेतली नोकरी, सगळं चालतं. तरीही आपल्याकडे पंधरा-पंधरा दिवस बाईला उठू देत नाहीत, तिची मजुरी बुडवतात आणि वर तिलाच बोल लावतात.

जपायचं ते बीज काढण्याआधी, आणि तिथे कुणाचं लक्ष नाही. बोस्टनमध्ये आयव्हीएफ घेणाऱ्या महिलांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. जड ओझी उचलणाऱ्या बायकांमध्ये पक्व बीजं सुमारे 14 टक्के कमी मिळाली, रात्रपाळीवाल्यांमध्येही कमीच. आता कंधार-मुखेडच्या ऊसतोड बहिणींकडे बघा. डोक्यावर मोळी, रात्री-अपरात्री गाडी भरायची, एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे दंड. उपचारात दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी लागते. फडातून कोण सोडणार? पाळीच्या दिवसांतही खाडा पडू नये, या धाकाने काय होतं ते बीडने दाखवलं आहे. 2019 च्या सरकारी समितीपुढे आलेला आकडा असा: पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली. मुकादमांनो, कारखानदारांनो, उपचाराच्या तारखांना खाडा लावाल तर आम्ही गप्प बसणार नाही.

आणि पुरुष? मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. वीटभट्टी, गुऱ्हाळ, बॉयलरची धग, सोयाबीनवर उघड्या अंगाने केलेली फवारणी, तंबाखू, दारू, हे सगळं वीर्यावर उतरतं. नवं वीर्य तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे उपचाराआधी तीन महिने त्यानेही सुधारायला हवं. "आमच्या लेकात दोष नाही" असं म्हणणाऱ्यांनी रिपोर्ट दाखवावा, बाकी चर्चा नको.

आता व्यायामाचं. कुणी म्हणेल, शेतात राबणारीला व्यायाम कशाला? तिला नकोच, तिला विश्रांती आणि पोटभर जेवण द्या. पण दिवसभर मशीनवर किंवा दुकानात बसणारीला, विशेषतः पीसीओडी असेल तर, रोज अर्धा तास झपाझप चालणं हवं. वजन पाच-दहा टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी रुळावर येते. मात्र बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू झाली की धावणं, उड्या, ओझी बंद. बीजकोश फुगलेले असतात, पीळ पडू शकतो.

तर कामाला लागा. दोघांची तपासणी एकाच दिवशी करा. सुरुवात नांदेडच्या विष्णुपुरीतल्या किंवा लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापासून करा. कर्ज काढायची घाई नको. तुम्ही काय काम करता, किती ओझं, दिवसपाळी की रात्रपाळी, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. बीज काढण्याच्या आधीचे महिने मोळी, पोती, घागरी दुसऱ्यांनी उचला. खासगी केंद्रात जाल तर 2021 च्या कायद्याखालची नोंदणी पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. आशाताईंनो, गावात ही माहिती सासू आणि लेक दोघांना समोर बसवून द्या.

आमच्या गटांनी बँकेचे हप्ते थकवले नाहीत, गावातली दारूची दुकानं बंद पाडली. हेही आम्ही तडीस नेणार. कोणत्याही घरात सुनेला "वांझ" म्हटलं गेलं, तर गटाच्या बायका त्या दारात येऊन उभ्या राहतील.

सुनेला पुन्हा दवाखान्यात नेण्याआधी लेकाला घेऊन जा. या आठवड्यातच जा.